‘बिडाचाच पंप घ्या’ म्हणणं चुकलं का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

उत्तराला चार दिवस लागले. तुमच्या प्रतिक्रियेतला एक मुद्दा कागदावर मांडून पाहावा लागला आणि हिशेब तुमच्या बाजूने निघाला.

ज्यांनी मूळ प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ओल येणाऱ्या तळघरासाठी टिकाऊ संप पंप (तळघरातल्या खड्ड्यात साचणारं पाणी उपसून बाहेर टाकणारा पंप) कसा निवडावा, यावरच्या माझ्या लेखावर तुमचे तीन आक्षेप होते. पहिला, मी बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, पंपाचं नको तेवढं कौतुक केलं. तुमचा प्लॅस्टिकचा पंप नऊ वर्षं चालतोय आणि शेजाऱ्यांचा बिडाचा तिसऱ्या वर्षी जळला. दुसरा, ‘शंका असेल तर एक साइझ मोठा घ्या’ हा माझा सल्ला घातक आहे. तिसरा, पंप हे मुळात दुखणं झाकणं आहे, पाणी आत येऊच द्यायला नको. शिवाय ‘कंपनीची पत्रकं वाचून लेख लिहिलाय’ असा टोलाही होता. तो सोडून देतो.

दुसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे मी चुकलो. हिशेब असा. खड्डा ४५ सेंटीमीटर व्यासाचा असेल तर पाण्याची पातळी एक सेंटीमीटर वाढायला साधारण १.६ लिटर लागतात. फ्लोटच्या (पाण्यावर तरंगत पंप चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) चालू आणि बंद होण्यात १५ सेंटीमीटरचं अंतर धरलं, तर एका खेपेला २४ लिटर. पाझर मिनिटाला १२ लिटर असेल तर खड्डा दोन मिनिटांत भरतो. मिनिटाला १५० लिटर फेकणारा पंप तो दहा-अकरा सेकंदांत उपसून बंद होतो. म्हणजे तासाला सत्तावीस-अठ्ठावीस वेळा चालू-बंद. प्रत्येक वेळी चालू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, वाइंडिंग (मोटरमधलं तारेचं वेटोळं) तापतं आणि ते निवायच्या आत पुढचा स्टार्ट येतो. पंप आणखी मोठा घेतला तर तो आणखी लवकर बंद होणार, फायदा काहीच नाही.

आता खड्डा ६० सेंटीमीटर व्यासाचा करा आणि अंतर २५ सेंटीमीटर ठेवा. एका खेपेला सत्तर लिटर. तोच पाझर, तोच पंप, पण तासाला जेमतेम नऊ स्टार्ट. पंपाचं आयुष्य आपण वर्षांत मोजतो, पण तो झिजतो स्टार्टच्या हिशेबाने. हे मला लेखात सर्वात वर लिहायला हवं होतं. तिथे मी धातूची चर्चा करत बसलो.

यातच तुमच्या नऊ वर्षांचं उत्तरही दडलेलं असावं असा माझा अंदाज आहे. खड्डा मोठा आणि पाझर मंद असेल तर प्लॅस्टिकची बॉडीही भरपूर टिकते. ती गंजत नाही, हा तिचा गुणच आहे. बिडाचा फायदा उष्णतेपुरता. सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून चालवायच्या, पंपाची मोटर भोवतीच्या पाण्यावर निवते आणि बीड ती उष्णता प्लॅस्टिकपेक्षा लवकर बाहेर सोडतं. संततधार पावसात पंप तासन्‌तास चालतो आणि खड्ड्यात पाणी खाली जाऊन मोटर अर्धी उघडी पडते, तेव्हा हा फरक जाणवतो. एरवी नाही. म्हणून ‘बिडाचाच घ्या’ मधला ‘च’ मी मागे घेतो. (विहिरीच्या तळाशी आडवा ठेवतात तो ओपनवेल पंप मात्र संपमध्ये कुणी टाकू नये. तो पूर्ण बुडालेलाच राहायला हवा.)

शेजाऱ्यांचा पंप का जळला, हे न पाहता सांगणं म्हणजे ज्योतिष. पण मी असतो तर आधी फ्लोट स्विच पाहिला असता. माझा स्वतःचा पहिला पंप असाच गेला. वायरला लोंबणारा फ्लोट अरुंद खड्ड्याच्या भिंतीला अडकला, पाणी संपलं तरी मोटर रात्रभर कोरडी फिरत राहिली आणि सकाळी जळका वास आला. बॉडी एकदम ठणठणीत होती! लोंबत्या फ्लोटला झुलायला जागा लागते. उभ्या दांडीवरचा फ्लोट अरुंद जागेत बसतो, पण त्याची चाल कमी, म्हणजे पुन्हा स्टार्ट जास्त. शेवटी सगळं खड्ड्याच्या मापावर येतं. एवढं मात्र बघून घ्या की स्विच वेगळा काढून बदलता येतो. पंपाच्या पोटात बंद केलेला स्विच गेला की चांगली मोटरही भंगारात जाते.

त्यानंतर पाहायचा तो नॉन रिटर्न व्हॉल्व्ह. तो नसेल तर पंप थांबला की उभ्या पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं. ४० मिलिमीटरचा, चार मीटर उंच पाइप असेल तर पाच लिटर. चोवीसातले पाच लिटर दर खेपेला पुन्हा तेच! आणि व्हॉल्व्ह बसवलात तर त्याच्या खाली, पंपाजवळ, पाइपाला तीन-चार मिलिमीटरचं भोक हवं. नाहीतर हवा अडकते, पंप गुरगुरत राहतो आणि पाणी चढत नाही. काही पंपांना ते कारखान्यातूनच असतं, आधी तपासा.

मोठा पंप घ्यायचा मोह होतो तो बहुतेक वेळा लेबलमुळे. ‘८ मीटर हेड, मिनिटाला २०० लिटर’ असं छापलेलं असतं (हेड म्हणजे पंप पाणी किती उंच चढवतो ते), पण या दोन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. कमाल हेडला प्रवाह शून्य असतो. तुमच्या उंचीला, वळणांचं घर्षण धरून, किती पाणी मिळेल ते पंपाच्या उंची-प्रवाह आलेखातच दिसतं. आलेख न देणारा पंप मी घेत नाही. जोराच्या पावसात पंप बंद ठेवून पातळी मिनिटाला किती चढते ते मोजा, वरच्यासारखे त्याचे लिटर काढा, त्याच्या दीडपट-दुप्पट क्षमता पुरे.

तिसरा आक्षेप अर्धा मान्य. पाणी छपरावरून येत असेल तर पंपाआधी पन्हळीची तोटी भिंतीपासून लांब न्या आणि जमिनीचा उतार बाहेरच्या बाजूला करा. शंभर चौरस मीटर छपरावर १० मिलिमीटर पाऊस पडला की हजार लिटर पाणी होतं. ते पायाशी ओतून वर पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. पण भूजलच फरशीच्या वर येत असेल तर आतून लावलेल्या वॉटरप्रूफिंगचं काय होतं ते मी पाहिलंय. एक मीटर पाण्याचा दाब दर चौरस मीटरला जवळपास एक टन असतो. तो मागून ढकलतो आणि रंगासारखा लेप पोपडे होऊन सुटतो. तिथे दाब कमी करणं हाच उपाय, आणि ते काम पंपच करतो.

वीज गेल्यावर काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण वादळ आणि वीज जाणं जोडीनेच येतं. बॅटरीवरचा दुसरा छोटा पंप मुख्य पंपापेक्षा थोडा वर बसवावा. मुख्य पंपाचा स्विच अडकला तरी तो कामी येतो.

मूळ लेखातलं ‘एक साइझ मोठा’ हे वाक्य आज खोडलं आहे आणि त्याजागी खड्ड्याचा हिशेब घातला आहे. तुमच्या खड्ड्याचा व्यास आणि फ्लोटचा प्रकार तेवढा कळवा. माझा अंदाज बरोबर निघतो की नाही ते मला बघायचंय.