असा इसम येथे राहत नाही

आडनावाचे स्वतःचे डोमेन, म्हणजे ईमेलच्या पत्त्यात ‘ॲट’च्या पुढे येणारे नाव, घेतले तेव्हा मला घर बांधल्याचा आनंद झाला होता. वास्तुशांत तेवढी राहिली होती. होस्टिंगच्या, म्हणजे ते डोमेन सांभाळणाऱ्या कंपनीच्या, पॅनेलवर ‘कॅच-ऑल’ नावाची एक चौकट होती. तिच्यात खूण केली की ‘ॲट’च्या अलीकडे कोणी काहीही लिहो, डोमेनच्या नावाने आलेले प्रत्येक पत्र एकाच पेटीत येऊन पडते.

ही सोय खास माझ्यासाठीच केली असावी असे मला वाटले, कारण माझे नाव श्रीकांत आहे. रोमन लिपीत ‘श्री’ तीन तऱ्हांनी लिहिता येते, ‘कां’मध्ये ए एक घ्यावा की दोन हा ज्याच्या त्याच्या मर्जीचा प्रश्न, आणि शेवटच्या टीला काही जण दक्षिणेकडच्या रीतीने एच जोडतात, अशी एकंदर बारा रूपे होतात. माझ्या नातेवाइकांना त्यांपैकी अकरा येतात. बारावे मी स्वतः लिहितो.

शिवाय प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता देण्याची चैनही करता येऊ लागली. चष्म्याच्या दुकानात मी ‘चष्मा ॲट आमचे आडनाव’ असे सांगितले, तेव्हा काउंटरवरच्या मुलीने आदराने विचारले, “सर, तुम्हीपण याच धंद्यात आहात का?” चार महिन्यांनी त्या ‘चष्मा’ला घरबांधणीसाठी कर्ज देऊ करणारे पत्र आले, आणि पत्ता कोणाकडून फुटला हे मला पुराव्यानिशी कळले. पुराव्याचा उपयोग मात्र काहीच झाला नाही.

मग जॉन आला. त्याच्या पाठोपाठ मेरी, रॉबर्ट, सेल्स, अकाउंट्स अशी रीघ लागली. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी रॉबर्ट झालेला नाही, आणि अकाउंट्स तर आजही कोणी ठेवत नाही. स्पॅम पाठवणारी यंत्रे ठरीव नावे एकामागून एक लावून पाहतात आणि ज्या नावाला नकार मिळत नाही ते जिवंत समजून टिपून ठेवतात. मी कोणालाच नकार देत नसल्यामुळे त्यांच्या हिशेबी माझ्या दोन खोल्यांत अख्खे गाव नांदत होते.

तरीही हे सारे मी सोसले असते. पण एका सोमवारी सकाळी पेटीत दोन हजारांवर पत्रे दिसली, आणि त्या सर्वांचा मजकूर “आपले पत्र पोचवता आले नाही” एवढाच होता. कोणीतरी माझ्या डोमेनवरील ‘लिंडा’च्या नावाने रात्रभर जाहिराती पाठवल्या होत्या. ईमेलच्या वाहतुकीचा नियम, म्हणजे एसएमटीपी, १९८२ साली लिहिला गेला तेव्हा पाठवणाऱ्याने आपले नाव खरे सांगितलेच पाहिजे असा बंदोबस्त त्यात नव्हता. पाकिटाच्या मागे कोणीही कोणाचाही पत्ता घालावा. त्यामुळे अस्तित्वात नसलेल्या लिंडाने अस्तित्वात नसलेल्या लोकांना लिहिलेली पत्रे परत फिरून, अस्तित्वात असलेला एकटाच सापडल्यामुळे, माझ्या गळ्यात पडत होती. “ही लिंडा कोण?” असे पत्नीने दोनदा विचारले, आणि माझे तांत्रिक उत्तर ऐकून तिसऱ्यांदा विचारले नाही, हे मला अधिक लागले.

त्याच रात्री मी कॅच-ऑलची खूण काढली. पत्र आत घेऊन मागाहून परत पाठवणे हा शुद्ध गाढवपणा होय, कारण ते ज्याच्याकडे परत जाते तो पत्ताही बहुधा खोटाच असतो, आणि मग आपणच दुसऱ्या कोणाच्या डोक्यावर लिंडा बसवतो. पत्र उंबऱ्याबाहेर असतानाच ‘५५०’ हा नकाराचा आकडा सांगून “असा इसम येथे राहत नाही” असे स्पष्ट कळवावे, हेच शहाणपणाचे. स्वतःच्या बाराही रूपांना, पत्नीला आणि चष्म्याला मी यादीत ठेवले. ‘पोस्टमास्टर’ हा पत्ता नियमानेच चालू ठेवावा लागतो. त्या पदावर मी बिनपगारी रुजू झालो.

आठवडाभर पेटीत शांतता होती. मग मामांचा फोन आला.

“काय रे, पत्रिका पाठवली ती परत आली. असा कोणी इथे नाही म्हणतंय तुझं यंत्र.”

“मामा, नाव काय लिहिलंत?”

“काय म्हणजे? बंडू!”

बंडूला मी रात्रीच यादीत घातले. सकाळी उठून पाहतो तो मामांची पत्रिका अजून यायची होती, पण बंडूला पाच लाखांचे कर्ज मंजूर झाले होते.