वय : ४३, इयत्ता : लागू नाही

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सव स्मरणिकेत माझा लेख छापून आला आहे. पान ३१, विभाग 'बालजगत'. वर 'माझा आवडता प्राणी : मांजर', खाली शब्दकोडं, मध्ये मी. नावापुढे 'वय : ४३, इयत्ता : लागू नाही'. बालविभागाचा साचा डीटीपीवाल्याकडे तयार होता आणि त्यातले रकाने रिकामे सोडता येत नाहीत म्हणे. शेजारी चित्र आहे छत्री घेतलेल्या अस्वलाचं. अस्वलाचा लेखाशी संबंध काय, हे मी विचारलं नाही. कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

लेख होता 'मॉब सायको १००' या जपानी ॲनिमे, म्हणजे ॲनिमेशन, मालिकेचं परीक्षण. मूळ लेखात काय होतं ते आधी सांगतो, कारण स्मरणिकेत ते नाही.

शिगेओ कागेयामा हा आठवीतला मुलगा. डोक्यावर वाटी पालथी घालून कापल्यासारखे केस, चेहऱ्यावरची रेष हलत नाही, अभ्यासात बेताचा आणि धावण्यात त्याहून बेताचा. सगळे त्याला मॉब म्हणतात, म्हणजे गर्दीतला कोणीतरी. अंगात मात्र अशी अतींद्रिय शक्ती की मनात आणलं तर अख्खी इमारत उचलून बाजूला ठेवील. तो मनात आणत नाही. राग, दुःख, सगळं आत दाबतो, पडद्यावर टक्क्यांचा आकडा चढत जातो आणि शंभर झाले की स्फोट. या शक्तीचं त्याला स्वतःला काडीचं कौतुक नाही. चमचे वाकवून दाखवल्याने त्सुबोमी नावाची मुलगी आपल्याकडे बघत नाही, हे त्याला फार लवकर कळलेलं आहे. म्हणून टेलिपथी क्लबवाले हात जोडून बोलावत असताना हा शरीर कमावण्याच्या क्लबात जातो. तिथली पोरं नुसती दंडच दंड. हा धावताना चक्कर येऊन पडतो आणि ती दांडगी पोरं त्याला उचलून आणतात. कोणी हसत नाही.

त्या 'कोणी हसत नाही'वर माझा अख्खा परिच्छेद होता. आमच्या शाळेत पीटीच्या तासाला पडणाऱ्या मुलाचं पुढे दहावीपर्यंत काय होतं, हे ज्यांना माहीत आहे त्यांना तो परिच्छेद कळला असता. ज्यांनी हसण्याचं काम केलं त्यांना कळला नसता, आणि स्मरणिका समितीत बहुधा तेच आहेत.

तर संपादककाका. हे सरकारी कामगार खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. लेख दिल्यावर त्यांनी मला घरी बोलावलं. टीपॉयवर माझी पानं, पानांवर लाल पेन, पेनाशेजारी चकल्या. मला वाटलं ऱ्हस्व-दीर्घ असेल.

"सदर मुलगा चौदा वर्षांचा?"

"हो."

"आणि या रेगेन नामक इसमाकडे नोकरीला?"

रेगेन अराताका म्हणजे या मालिकेचा खरा जीव. भुताखेतांच्या तक्रारी सोडवण्याचं ऑफिस थाटून बसलेला, सुटाबुटातला, अस्खलित थापाड्या. शक्तीच्या नावाने शून्य. खरं भूत आलं की मॉबला फोन करतो, नसेल तर स्वयंपाकघरातलं मीठ फेकून मारतो. हे सगळं मी लेखात मोठ्या प्रेमाने लिहिलं होतं.

"शाळा सुटल्यावर जातो," मी म्हणालो. "अर्धवेळ."

"वेतन?"

"तासाला तीनशे येन."

"रुपयांत बोला."

"दीडशेच्या थोडं वर."

"तिथलं किमान वेतन?"

हे मला माहीत असायचं काही कारण नव्हतं. पण मी त्यांच्यासमोरच मोबाइलवर शोधलं, आणि इथे मी फसलो. मालिका सुरू झाली त्या २०१६ साली जपानचं सरासरी किमान वेतन तासाला ८२३ येन झालं होतं. काकांनी समासात वजाबाकी केली. "फरक ५२३ येन प्रति तास," असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. "नोकरीला लागला केव्हापासून?"

"प्राथमिक शाळेत होता तेव्हापासून."

काकांनी चकली खाली ठेवली. "म्हणजे चौदाच्या आत! २०१६ साली दुरुस्ती झाली कायद्यात. चौदाच्या आत पूर्ण बंदी. अपवाद दोनच. घरचा धंदा असेल तर, शाळेची वेळ सोडून. हा रेगेन नात्यातला?"

"नाही."

"मग दुसरा अपवाद, बालकलाकार. सिनेमा, मालिका, जाहिरात, खेळ. सर्कस सोडून."

"काका, तो मालिकेतच आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले. त्या दहा सेकंदांत मला वाटलं, जिंकलो. काकांनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं आणि म्हणाले, "तो मालिकेत आहे, पण मालिकेत तो कलाकार नाही. मालिकेत तो कामगार आहे."

यावर काय बोलायचं असतं ते मला अजूनही सुचलेलं नाही.

"शिवाय आता चौदा पूर्ण झाले म्हणता. चौदा ते अठरा धोकादायक कामावर बंदी. खाणी, ज्वलनशील पदार्थ, स्फोटकं." त्यांनी माझ्या लेखातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. "इथं आपणच लिहिलंय, 'शंभर टक्के झाले की स्फोट होतो.'"

"भावनांचा."

"तसं लिहिलेलं नाही. सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि वीस ते पन्नास हजार दंड. बरं, हे जे ऑफिस आहे, त्याचं गुमास्ता?"

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पण तो भुतं काढतो ना? मग त्याला तो २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा लागेल की." या घरात जेवताना काय बोलतात, कोण जाणे. काकांचा चेहरा खुलला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करतो का, त्यांनी विचारलं.

"मारहाण नाही. मसाज करतो."

खरंच करतो. खांद्यावर भूत बसलंय म्हणून आलेल्या गिऱ्हाइकाचा खांदा अवघडलेला असतो, हे रेगेनला बघताक्षणी कळतं. तो मंत्र पुटपुटत खांदा दाबून देतो आणि माणूस मोकळा होऊन जातो. फोटोत भूत दिसतंय म्हणून कोणी आलं तर हा कॉम्प्युटरवर फोटोतून भूत पुसून देतो. गिऱ्हाइकाचं काम होतं. लेखात मी म्हटलं होतं की हा भोंदू असूनही सेवा देतो, आणि आपल्याकडे नेमकं उलटं दिसतं. लिफ्टच्या कंपनीचा माणूस येतो, यंत्रासमोर डोळे मिटून उभा राहतो, बिल देतो आणि जातो. हेही वाक्य कापलं गेलं. लिफ्टचं कंत्राट कोणाच्या शिफारशीने आलंय ते मला तेव्हा माहीत नव्हतं.

"मसाज," काकांनी लिहून घेतलं. "आणि शाळा कुठली त्याची? अनुदानित की विनाअनुदानित?"

मी म्हणालो, मीठ माध्यमिक शाळा. शेजारची काळं व्हिनेगर माध्यमिक. गावाचं नावच स्वयंपाकातल्या चवींवरून आहे, लेखकाची गंमत. वन हे त्याचं टोपणनाव. मालिका ज्यावरून आली ती मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, त्याने २०१२ ते २०१७ इंटरनेटवर काढली, आणि त्याला चित्र काढता येत नाही असं लोक म्हणत असतानाही काढली. काका म्हणाले, "वन म्हणजे एक? आडनाव?"

मी हात टेकले. तरीही एक शेवटचा प्रयत्न म्हणून सांगितलं की ही मालिका मुलांसाठी नाही, बालविभागात घालू नका, टोकियोत ती रात्री उशिरा लागायची. काकांनी चष्म्यावरून बघितलं. "मग आपण रात्री उशिरा नेमकं काय बघत होतात?" काकू कप उचलून आत गेल्या.

खरा त्रास झाला तो पुढे. बोलण्याच्या भरात मी म्हणून गेलो की काका, चौदा वर्षांच्या काल्पनिक पोराचा फरक काढताय, पण आपला रात्रीचा वॉचमन बारा तास बसतो, त्याला तासाला किती पडतात ते काढू या का त्याच समासात? जागा आहे. काका म्हणाले, तो एजन्सीचा माणूस आहे. त्याचा मालक एजन्सी. आपला संबंध येत नाही. पेनाचं टोपण लागलं ते लागलंच. कामगार कायद्याचं एवढं दांडगं ज्ञान असलेला माणूस सोसायटीत आहे, आणि त्याचा उपयोग अस्तित्वात नसलेल्या जपानी मुलाला होतो. वॉचमन जिन्याखालच्या खुर्चीवर बसतो. तिचा एक हात तुटलेला आहे आणि नव्या खुर्चीचा विषय सभेपुढे 'विचाराधीन' आहे.

लेखाचं पुढे काय झालं ते थोडक्यात. मालिका बनवणाऱ्या बोन्स स्टुडिओचं नाव गेलं, 'हाडे' असा गैरसमज होईल म्हणून. तीन पर्व, २०१६, २०१९ आणि २०२२, मिळून सदतीस भाग, हे गेलं, 'आकडेवारी नको'. मियो सातो नावाची कलाकार काचेवर रंग पसरवते, फोटो काढते, पुसते, पुन्हा पसरवते आणि त्यातून पडद्यावर चित्रं वितळत जातात, हेही गेलं. शेरा : 'तांत्रिक'. ओबडधोबड रेषांची ही मालिका मारामारीला लागली की अशी काही सुटते की भल्याभल्या गुळगुळीत मालिका तिच्यापुढे निवडणुकीच्या फलकासारख्या दिसाव्यात, हे माझं लाडकं वाक्य गेलं. 'राजकीय'.

आणि सगळ्यात मोठी कात्री लागली ती पहिल्या पर्वाच्या शेवटाला. शक्तिमान माणसांच्या टोळीने घेरल्यावर मॉब लढायला निघतो, आता शंभर टक्के होणार आणि काहीतरी भयंकर घडणार, तेवढ्यात रेगेन त्याला थांबवतो. नको असेल तेव्हा पळून जायलाही हरकत नाही, असं सांगतो. जगातली सगळी मोठी माणसं ज्या पोराला लढ म्हणतायत, त्याला हा एक थापाड्या म्हणतो, राहू दे. मग आकडा शंभरावर जातो, पण रागाचा नाही, कृतज्ञतेचा. मी हा भाग कितीदा पाहिलाय ते सांगत नाही. काकांच्या मते मुलांना पळून जाण्याचा संदेश देणं इष्ट नव्हे, विशेषतः स्पर्धा परीक्षांच्या काळात.

खरं तर मला या मालिकेबद्दल म्हणायचं होतं ते एवढंच होतं. तेरुकी हानाझावा नावाचा दुसऱ्या शाळेतला पोरगा आहे, त्याच्याकडेही शक्ती आहेत आणि त्यांच्या जोरावर तो हिरो झालाय. मॉबशी भिडल्यावर त्याला कळतं की शक्ती काढून घेतली तर आपणही चारचौघांसारखेच. त्या मारामारीत त्याचे डोक्यावरचे केस जातात, मग तो छताला लागेल एवढा उंच टोप घालून हिंडतो. हसून हसून पुरेवाट होते. पण त्याच्यात मला आमच्या बिल्डिंगमधली सगळी पोरं दिसली, ज्यांच्या टक्केवारीचे फ्लेक्स दर जूनमध्ये गेटवर लागतात आणि ऑगस्टपर्यंत पावसात भिजत राहतात. पंचावन्न टक्केवाल्याचा फ्लेक्स मी आजवर बघितलेला नाही. मॉब पंचावन्नवाला आहे आणि सदतीस भाग त्याच्यावर आहेत. हे लिहिलं होतं. फ्लेक्सचे प्रायोजक स्मरणिकेचेही जाहिरातदार निघाले.

उरल्या अकरा ओळी. त्यांच्या खाली, माझ्या नावाच्या वर, मी न लिहिलेली बारावी ओळ आहे : 'मुलांनो, मोबाइलचा अतिवापर टाळा व नियमित व्यायाम करा.' आणि अर्ध्या पानाची चौकट, 'बालकामगार कायदा : हे आपणास ठाऊक आहे का?', खाली संपादककाकांचं नाव, पदव्यांसकट. माझ्या लेखातून जेवढी जागा वाचली, बरोब्बर तेवढी.

पुढे विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी बक्षीस समारंभ होता. बालजगत विभागात पहिलं बक्षीस मांजरीला मिळालं, आणि ते योग्यच होतं. मांजर आळशी का असते यावर त्या मुलीने स्वतंत्र विचार केला होता. मला उत्तेजनार्थ. नाव पुकारल्यावर टाळ्या वाजल्या, त्या माझ्या मुलाने सुरू केल्या होत्या आणि मी वर पोहोचेपर्यंत त्याने त्या थांबूही दिल्या नाहीत. रंगपेटी काकांच्या हस्ते मिळाली. हातात देता देता ते हळूच म्हणाले, "तो भोंदू पुढे पकडला जातो का हो?"

जातो. दुसऱ्या पर्वात. मॉब त्याला सोडून जातो, हा एकट्याने नाव काढायला जातो, टीव्हीवर उघडा पडतो, आणि मग पत्रकारांनी खचाखच भरलेल्या खोलीत एकटा बसतो. तिथे काय होतं, आणि मॉबला आपल्या या गुरूबद्दल पहिल्यापासून काय ठाऊक असतं, ते मी काकांना सांगितलं नाही. अकरा ओळींत बसत नाही म्हणालो.

फोटोवाला ओरडला, मागचे उंच काका, खाली बसा, मुलं झाकली जातायत. पुढच्या ओळीत मांडी घालून बसलो. रंगपेटीतला पिवळा वाळलेला निघाला. तक्रार कोणाकडे करायची, असं मी मंडळाच्या खजिनदारांना विचारलं, तर म्हणाले, बालविभागाचं सगळं संपादककाका बघतात.