ताई, पुढच्या वेळी तुम्हीच असाल ना?

पोस्ट मोठी आहे आणि थोडी चिडून लिहिली आहे, आधीच सांगते.

ठाणे-नवी मुंबईत महिलांसाठी काही करायचं म्हटलं की आधी फीत कापली जाते. सखी केंद्र झालं, पोलिसांचा भरोसा सेल झाला, पिंक अमुक झालं. फोटो छान येतात. मला अशा ठिकाणी एकच प्रश्न पडतो, आणि तो विचारला की साहेब लोक घड्याळाकडे बघायला लागतात. आत बसणाऱ्या समुपदेशक ताईंचा पगार कोण देतं, आणि शेवटचा कधी झाला?

हा प्रश्न का, ते सांगते. माझ्या ओळखीतली एक जण (तिला विचारून लिहितेय, तपशील बदललेत). नवरा चांगल्या नोकरीत, कोपरखैरण्याला स्वतःचं घर, बाहेरून बघणाऱ्याला हेवा वाटावा असा संसार. अनेक वर्षं मार खाल्ल्यावर ती एकदाची उठली. चौकीत एनसी (अदखलपात्र तक्रार, म्हणजे नुसती नोंद) लिहून घेतली आणि "घरातलं आहे, मिटवून घ्या" म्हणून परत पाठवलं. मग कुणीतरी एका समुपदेशन केंद्राचं नाव सांगितलं. तिथल्या ताईंनी नीट ऐकून घेतलं. सख्ख्या आईला सांगितलं नव्हतं ते तिने त्या खोलीत सांगितलं. पुढच्या तारखेला गेली, तर ताई बदललेल्या. जुन्या ताईंचं कंत्राट संपलं होतं. नवीन मुलीने कोरा फॉर्म पुढे ओढला आणि म्हणाली, "सुरुवातीपासून सांगा." त्या मुलीचा काही दोष नाही. पण ही उठली आणि घरी आली. त्याच घरी. आता तिला कुठेही घेऊन जायचं म्हटलं की आधी हेच विचारते, पुढच्या वेळी तुम्हीच असाल ना?

सरकार आणि संस्थांनी मिळून हे काम कसं करायचं, हे खरं तर आपल्या महाराष्ट्राने देशाला दाखवलंय. १९८४ साली टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सोबतीने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. जागा पोलिसांची, बसणारी समाजकार्यकर्ती. ती पोलीस नाही, पण पोलिसांच्या दाराआड आहे, त्यामुळे तिच्या शब्दाला वजन. पुढे राज्य सरकारनेच ही कल्पना उचलून जिल्ह्याजिल्ह्यांत नेली. मग २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 'दिलासा' हे समुपदेशन केंद्र आलं. मुंबई महापालिका आणि सेहत ही संस्था, दोघांचं मिळून. त्यामागचा विचार मला फार शहाणपणाचा वाटतो. पोलीस ठाण्याची पायरी न चढणारी बाई केसपेपर काढायला येतेच. "जिन्यावरून पडले" म्हणते. फिनाईल प्यायली की "चुकून" म्हणते. जिन्यावरून पडल्यावर दोन्ही दंडांवर बोटांचे ठसे कसे उमटतात, हे विचारायला शिकलेली नर्स तिथे असली पाहिजे, आणि त्याच मजल्यावर जिच्याकडे तिला पाठवता येईल अशी एक ताईही. संस्थेने ते उभं केलं, माणसं शिकवली, आणि नंतर महापालिकेने ते स्वतःचं काम म्हणून घेतलं. भागीदारी म्हणतात ती ही.

आता आपल्याकडे भागीदारीचा अर्थ झालाय निविदा. सगळ्यात कमी दर भरणाऱ्या संस्थेला काम, अकरा महिन्यांचं कंत्राट, हप्ता कधी येईल ते देवाला ठाऊक. नालेसफाईचं टेंडर काढतात तसं मारहाण झालेल्या बाईशी बोलण्याचं टेंडर! आणि उपयोगिता प्रमाणपत्र (आधीचे पैसे कुठे खर्च झाले त्याचा कागद) वेळेत गेलं नाही म्हणून पुढचं अनुदान अडलं की दिवाळीआधी घरी कोण बसतं? तीच ताई. तुटपुंज्या मानधनावर दिवसभर इतरांचं दुःख ऐकणारी, बहुतेक वेळा स्वतःच घर चालवणारी.

पैसा नाही, असं मात्र कुणी सांगू नये. केंद्राने २०१३ साली निर्भया निधी सुरू केला. त्यातून २०१५ पासून वन स्टॉप सेंटर, म्हणजे आपली सखी केंद्रं, आली. त्यांचा १०० टक्के खर्च केंद्राचा, पैसा जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. आता ती केंद्राच्या 'मिशन शक्ती' योजनेत आहेत. कल्पना चांगलीच आहे. पोलीस, डॉक्टर, वकील, समुपदेशन, सगळं एका छताखाली आणि पाच दिवसांपर्यंत राहण्याची सोय. पण सहाव्या दिवशी काय? शक्ती सदनात, म्हणजे सरकारी योजनेतल्या निवारागृहात जायचं, जागा असली तर. सोबतचा मुलगा जरा मोठा असला तर त्याचं काय करायचं हा वेगळाच घोळ. बायका परत जातात त्या या हिशोबापायी, आणि लोक म्हणतात, बघा, मिटलं ना?

राज्याचं बघायचं तर लाडकी बहीण योजनेसाठी वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज जाहीर झाला होता. मी त्या योजनेच्या विरोधात मुळीच नाही. नवऱ्याला न विचारता खर्च करता येतील असे पंधराशे रुपये म्हणजे कोर्टापर्यंतची रिक्षा आणि झेरॉक्सचे पैसे. पण हे एवढे कोटी काढता येतात, तर समुपदेशकांचा पगार महिन्याच्या महिन्याला का होत नाही?

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा चांगला आहे, २००५ चा, २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू. अर्ज दिल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी आणि साठ दिवसांत निकालाचा प्रयत्न, असं त्यात लिहिलंय. (कोर्टाच्या बाकावर बसलेल्या कुठल्याही बाईला वाचून दाखवा, हसेल.) या सगळ्याची किल्ली संरक्षण अधिकाऱ्याकडे. घटनेचा अहवाल भरणं, कोर्टात अर्ज, निवारा, वैद्यकीय तपासणी, आदेश निघाल्यावर त्याची अंमलबजावणी. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास विभागातले अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमा. कायदा लागू होऊन जवळजवळ एकोणीस वर्षांनी. त्यातही मला भीती आहे ती अतिरिक्त कार्यभाराची. आधीच अंगणवाड्या, पोषण आहार आणि योजनांच्या पडताळण्यांत बुडालेल्या मॅडमच्या टेबलावर आणखी एक पाटी ठेवली की नेमणूक झाली!

आपल्या भागाचा गुंता तर विचारू नका. नेरूळची बाई ठाणे जिल्ह्यातली, तिचं जिल्हा कार्यालय ठाण्याला. तीन स्टेशनं पुढे खारघरची बाई रायगड जिल्ह्यातली, तिचं मुख्यालय थेट अलिबाग. पोलीस आयुक्तालय दोघींचं एकच, नवी मुंबई. महापालिका वेगवेगळ्या. तिकडे मीरा-भाईंदर ठाणे जिल्ह्यात, पण पोलीस आयुक्तालय वसई-विरारबरोबर. रात्री अकरा वाजता लेकराला कडेवर घेऊन निघालेल्या बाईने हा नकाशा पाठ करून यायचा का?

म्हणून मला वाटतं, महापालिकांनी यात पैसे घालून उतरावं. बाईच्या सगळ्यात जवळ त्यांचंच रुग्णालय आहे. कळवा, वाशी, नेरूळ, ऐरोली, प्रत्येक ठिकाणी कायम आस्थापनेवरची समुपदेशक हवी, जशी क्ष-किरण तंत्रज्ञ असते तशी. महिला व बालकल्याणाचा निधी शिलाई मशीन आणि ब्युटी पार्लरच्या वर्गांपलीकडे जायला हवा. संस्थांना निदान तीन वर्षांचं काम द्या, पैसे आगाऊ द्या, आणि हिशोब कडक घ्या. "एनजीओवाले पैसे खातात" अशी कमेंट येणारच आहे, म्हणून सांगते, हिशोब मलाही हवाय.

पण हिशोब कशाचा? अहवालात "समेट" या रकान्यातला आकडा मोठा दिसला की वरचे खूश होतात. मग ज्या ताईचं कंत्राट त्या आकड्यावर टिकणार, ती बाईला काय सांगेल? नांदायला जा. ज्या घरात गळा दाबला गेला तिथे परत पाठवणं म्हणजे यश, असं धरून पैसे देणार असाल तर नका देऊ. बाई तीन महिन्यांनी कुठे आहे, तिच्या हातात आदेश पडला का, पोटगी प्रत्यक्ष मिळाली का, तिला पुन्हा मार बसला का, हे विचारा. हे मोजायला वेळ लागतो, आणि तीच ताई तीन महिन्यांनी तिथे असावी लागते.

आपापल्या नगरसेवकाला विचारा. आपल्या रुग्णालयात समुपदेशक आहे का, कायम आहे की कंत्राटी, मागचा पगार कधी झाला? उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये टाका, मी एकत्र करून ठेवते.

आणि कुणाला आत्ता गरज असेल तर महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. वकील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. माहेरी निघून आला असाल तर तिथल्या कोर्टातही अर्ज करता येतो. इथे लिहायला नको वाटलं तर मेसेज करा.