‘डिग्री कशाला, यूट्यूब आहे की!’ या फॉरवर्डला उत्तर

निकाल लागले की एक मजकूर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, सूर तोच: सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे तीन-चार वर्षं पाण्यात. गेट्स आणि झुकरबर्गनी कॉलेज सोडलंच होतं, कॉलेजात शिकवतात ते सगळं जुनाट, यूट्यूबवर सगळं फुकट आहे, आणि आता तर कोड एआयच लिहितो. यात थोडंफार खरं आहे, म्हणूनच तो इतका फिरतो.

गेट्सचं आधी उरकून टाकू. ते १९७५ मध्ये हार्वर्डमधून बाहेर पडले, बरोबर. पण तिथे असताना चकत्यांची चळत उलथवून क्रमाने लावण्याच्या एका कोड्यावर त्यांनी काम केलं होतं, आणि ते क्रिस्टोस पापादिमित्रिऊ यांच्यासोबतचा शोधनिबंध म्हणून १९७९ मध्ये छापूनही आलं. कॉलेजात काहीच हाती न लागलेल्या माणसाची ही गोष्ट नव्हे. आणि यादी करायचीच तर लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम बनवणारे लिनस तोरवाल्ड्सही घ्या. १९९१ मध्ये लिनक्स सुरू झालं तेव्हा ते हेलसिंकी विद्यापीठात शिकत होते. पुढे लिनक्सवरच प्रबंध लिहून त्यांनी पदव्युत्तर पदवी घेतली.

‘जुनाट’ या आरोपावर मी अर्धा शरण आहे. आमच्या पेपरात वॉटरफॉल मॉडेलची, म्हणजे एकामागून एक टप्प्यांत सॉफ्टवेअर बनवण्याच्या जुन्या पद्धतीची आकृती हमखास यायची, पण कोडमधले बदल सांभाळणाऱ्या गिटचं नाव कोणी काढलं नाही. पहिला मर्ज कॉन्फ्लिक्ट, म्हणजे दोघांनी एकाच ओळीत केलेल्या बदलांची टक्कर, मी नोकरीत पाहिला आणि घाबरून अख्खं फोल्डर उडवलं. टेस्टिंग तर चार व्याख्यांत संपलं. पण जुनं आणि निकामी यांत फरक आहे. एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती तक्त्यांत मांडण्याची पद्धत, मांडलं १९७० मध्ये, नोंदी झटपट सापडाव्यात म्हणून केलेली झाडासारखी रचना, बी-ट्री, आली १९७२ मध्ये. आजही डेटाबेसमध्ये इंडेक्स (पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची) बनवता तेव्हा आत बहुधा बी-ट्रीचाच एखादा प्रकार असतो. इंडेक्स लावल्यावर शोध जलद होतो, पण नोंदी घालणं का मंदावतं, हे त्या झाडाची रचना माहीत असलेल्याला सांगावं लागत नाही. फ्रेमवर्क, म्हणजे ॲप बनवायचे तयार सांगाडे, मात्र मी आतापर्यंत तीन शिकलो आणि दोन विसरलो.

यूट्यूबचा मुद्दा सगळ्यांत पटण्याजोगा, आणि माझ्या मते सगळ्यांत चुकीचा. सामग्री फुकट आहे, उत्तमही आहे. पण शोधायचं ते नाव आधी माहीत हवं ना! समजा तुम्ही तिकीट बुकिंगचं ॲप बनवलं. तुमच्या लॅपटॉपवर झकास चालतं. मग एके दिवशी एकच सीट दोघांना मिळते, आणि पुन्हा करून पाहावं तर होत नाही. आता शोधणार काय, ‘कधी कधी चुकतं’? दोन कामं एकाच वेळी चालतात आणि आधी कोण पोचतं यावर निकाल बदलतो, याला रेस कंडिशन म्हणतात, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या कंटाळवाण्या तासाला कानावरून गेलेलं असतं. १९८५ ते १९८७ या काळात थेराक-२५ या किरणोपचार यंत्राने सहा रुग्णांना जबर जादा मात्रा दिली. त्याच्या कारणांमध्ये हीच चूक होती: ऑपरेटरने नोंद झटपट बदलली की यंत्राला बदल कळायचाच नाही.

आमच्या टीममधला सर्वांत जाणता प्रोग्रॅमर पदवीधर नाही, हेही सांगून टाकतो. मात्र त्याने ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क आणि अल्गोरिदमची जाडजूड पुस्तकं उदाहरणं सोडवत संपवली आहेत. म्हणजे अभ्यासक्रम त्याने चुकवला नाही, फक्त वर्गात न बसता केला. हे जमणारी माणसं असतात. मी त्यातला नव्हतो. परीक्षेचा धाक नसता तर अल्गोरिदमच्या तिसऱ्याच प्रकरणात माझा मुक्काम पडला असता.

राहिला एआय. तो कोड लिहितो, बरा लिहितो, मीही लिहून घेतो. पण १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिशला ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ या नावाने परिषद भरली, ती टायपिंगचा वेग कमी पडतो म्हणून नव्हे. मोठ्या प्रणाली वेळेत होत नव्हत्या, झाल्या तर भरवशाच्या नव्हत्या. ४ जून १९९६ रोजी एरियन-५ रॉकेट उड्डाणानंतर ४० सेकंदांच्या आत हवेतच फुटलं, ते आधीच्या एरियन-४ वर नीट चाललेल्या कोडमुळे. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता, आणि ६४ बिटांचा आकडा १६ बिटांत मावला नाही. कोड जसा लिहिला तसाच चालला. ज्या गृहीतकावर तो उभा होता ते नव्या रॉकेटला लागू आहे का, हे कोणी तपासलं नव्हतं. एआयने दिलेल्या दोनशे ओळी वाचताना नेमकं हेच तपासायचं असतं, आणि ज्याला गृहीतक दिसतच नाही तो ‘रन होतंय’ म्हणून पुढे जातो.

फी परवडत नाही, कर्ज डोईजड होईल, हा मुद्दा मात्र त्या मजकुरात कुठेच नाही. तो असता तर मी वाद घातला नसता.