बारावीचं फिजिक्स आणि दरवर्षीचा तो फॉरवर्ड

दहावीचा निकाल लागला, की आमच्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर तो मेसेज हजर. रत्नागिरी असो नाहीतर सिंधुदुर्ग, मजकूर तोच: बारावीचं फिजिक्स गावात राहून होत नाही. राहायचंच असेल तर डेरिव्हेशन (सूत्र कसं आलं त्याची मांडणी) पाठ करा, निम्मे धडे ऑप्शनला टाका, प्रॅक्टिकलचं टेन्शन नको, ते मार्क फुकटचे. खाली कुणीतरी लिहितंच, ‘झिलाक (पोराला) फिजिक्स जमाचा नाय.’ मी ज्युनिअर कॉलेजात हाच विषय शिकवतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

ऑप्शनचं आधी उरकतो. ७० मार्कांच्या पेपरात प्रश्न ९८ मार्कांचे असतात, हे खरं. पण पहिल्या दोन प्रश्नांच्या १८ मार्कांना ऑप्शनच नाही आणि ते सोळा धड्यांतून कुठूनही येतात. सीईटीत फिजिक्सचे ५० प्रश्न, त्यांनाही ऑप्शन नाही, वर त्यातले साधारण १० अकरावीचे.

डेरिव्हेशन पाठ करण्याबद्दल. पहिल्याच धड्यात वळणावर रस्त्याला दिलेला आडवा उतार येतो. कशेडी घाटातून गेलेल्या पोराला वेगळं चित्र काढून दाखवावं लागत नाही. दोन समीकरणं मांडायची, एकाला दुसऱ्याने भागायचं, आणि तिथे वस्तुमान कटतं. पाठ करणारा ती ओळ बिनचूक लिहितो. मग मी विचारतो, चिऱ्यांनी भरलेल्या ट्रकला रस्ता जास्त कलता हवा का? तो ‘हो’ म्हणतो! वर्षात निदान दहाजण म्हणतात. उत्तर त्यांच्याच वहीत, दोन ओळी वर असतं: वस्तुमान कटलं, म्हणजे वजनाचा संबंधच नाही.

‘गावात होत नाही’ म्हणणाऱ्यांच्या तोंडावर कोकण बोर्डाचा निकाल मारणारे बरेच आहेत. मी मारणार नाही. हा विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो, पण ती पास होणाऱ्यांची टक्केवारी, फिजिक्सची नव्हे. शिवाय बोर्ड दोनच जिल्ह्यांचं. खरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेलं पोर अकरावीचं इंग्रजी पुस्तक उघडतं आणि ‘मोमेंट ऑफ फोर्स’मधला मोमेंट (बलाचा फिरवण्याचा परिणाम) म्हणजे क्षण समजतं. कुणी शेजारी बसून वाचून घेतलं तर ही गाठ दिवाळीपर्यंत सुटते. पुण्यात कॉट बेसिसवर राहिल्याने ती लवकर सुटलेली मी पाहिलेली नाही.

राहिले प्रॅक्टिकलचे ‘फुकटचे’ ३० मार्क. रेझोनन्स ट्यूबचा प्रयोग घ्या: नळीच्या तोंडाशी ५१२ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (ठरावीक सुरात वाजणारा धातूचा चिमटा) धरायचा, पाण्याची पातळी हलवत आवाज घुमतो ती जागा शोधायची, त्यावरून हवेतला ध्वनीचा वेग काढायचा. जर्नलांत दरवर्षी सेकंदाला ३३१ मीटरच्या आसपासच्या उत्तरांचं पीक येतं. हा वेग शून्य अंशाचा. आमच्या लॅबमध्ये फेब्रुवारीतही दुपारी ३० अंश असतात, तिथे ३४९ च्या जवळपास यायला हवा. तेव्हा ३३१ दिसला की मी समजतो, मागच्या वर्षीची वही फिरली.

यंदा एका मुलीला ३३० आला आणि मी तिच्यावरही तोच आळ घेतला. ती म्हणाली, ‘सर, मी मोजलंय.’ पुन्हा लावून दाखवलं: नळीच्या तोंडापासून पाण्यापर्यंत १६.१ सेंटीमीटर. चूक तिची होती, पण चोरी नव्हती. नळीच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंप पावते, त्यासाठी लांबीत करायची दुरुस्ती राहिली होती. आतला व्यास मोजला, ३ सेंटीमीटर. त्याला ०.३ ने गुणून लांबीत मिळवलं, १७ झाले, आणि वेग आला ३४८. तिने आधीचा ३३० खोडला नाही, शेजारी कारण लिहून ठेवलं.