तान्ह्या पोळ्यातला यंत्रमानव

मागच्या वर्षी आमच्या गावच्या तान्ह्या पोळ्यात, म्हणजे लाकडी नंदी सजवून आणण्याच्या मुलांच्या पोळ्यात, सातवीत शिकणाऱ्या माझ्या भाच्याने चाकांच्या पाटावर लाकडी नंदी आणि त्याचा कासरा धरलेला ‘स्टार वॉर्स’ या सिनेमातला आर-टू-डी-टू हा यंत्रमानव उभा केला होता. परीक्षणाला बसलेल्या मंडळींनी ‘ही परक्या सिनेमाची नक्कल आहे’ असे म्हणून त्याचा नंदी स्पर्धेतून वगळला. तेव्हा मी गप्प राहिलो, याचे मला अजून वाईट वाटते. पोळा पुन्हा जवळ आला आहे, म्हणून आज लिहितो आहे.

त्या यंत्रमानवाचे धड रंगाच्या रिकाम्या बादलीचे होते, डोके आजीने मोडीत काढलेल्या जर्मनच्या गंजाचे, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याचे, आणि पाय सुतारकाकांकडे पडून असलेल्या सागवानाच्या तुकड्यांचे. डोके गोल फिरावे म्हणून त्याने बिघडलेल्या कूलरच्या मोटरमधले बेअरिंग काढून आत बसवले. गंज एका अंगाला झुकू लागला, तेव्हा भोक बरोबर मध्यावर पडलेले नाही हे त्याच्या ध्यानात आले आणि सुतारकाकांनी त्याला दोरा ताणून गोलाचा मध्य कसा काढायचा ते शिकवले. काकांनी तो सिनेमा पाहिलेला नाही. पहिल्या दिवशी त्यांनी ‘गुरुजी, यात नंदी कुठी हाये?’ असे मला विचारले होते. आठवडाभराने मात्र यंत्रमानवाचा तिसरा पाय किती तिरपा असावा यावर ते भाच्याशी तावातावाने वाद घालत होते.

आमच्या पिढीने ज्वारीच्या धांड्यांचा गाभा आणि सोलपटे जोडून बंड्या, म्हणजे बैलगाड्या, केल्या, त्यांना बैल जुंपले; त्या खेळण्यांना कोणीही बंडीची नक्कल म्हटले नाही. ज्या लाकडी नंदीचा आपण इतका मान राखतो, तोही गोठ्यातल्या बैलाकडे पाहूनच घडवलेला असतो. मुलाने जे डोळे भरून पाहिले, ते हाताशी असलेल्या सामानातून पुन्हा उभे केले, एवढेच यात घडते.

शिवाय तो सिनेमाही असाच उभा राहिला आहे. १९७७ सालच्या पहिल्या चित्रपटातल्या नायकाच्या प्रकाश-तलवारीसाठी सेटची सजावट करणाऱ्या रॉजर ख्रिश्चन यांनी वृत्तछायाचित्रकार वापरत त्या जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची मूठ घेतली आणि तिच्यावर रबरी पट्ट्या चिकटवल्या. अंतराळयानांच्या प्रतिकृतींवर दिसणारी बारीक यंत्रसामग्री बाजारात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक संचांतले सुटे भाग जोडून केलेली होती. पुढे या चित्रपटांच्या चाहत्यांनी १९९९ मध्ये आर-टू बांधणाऱ्यांचा एक गट सुरू केला, मापे आणि आराखडे एकमेकांना दिले, आणि त्याच गटातल्या ली टॉवर्सी व ऑलिव्हर स्टीपल्स या दोघांनी घरी बांधलेले यंत्रमानव पाहून निर्मात्यांनी त्यांना २०१५ च्या चित्रपटासाठी कामावर घेतले. म्हणजे ज्यांना आपण नकलाकार म्हटले असते, त्यांच्याच हातचा आर-टू शेवटी पडद्यावर गेला.

‘एवढी हौस आहे तर तयार खेळणे ऑनलाइन मागवा,’ असेही काहींनी सुचवले. बाजारातल्या वस्तूंबद्दल माझ्या मनात राग नाही. ‘स्टार वॉर्स’च्याच १९८० च्या चित्रपटात थंडीने गारठलेल्या नायकाला जीव वाचवण्यासाठी मेलेल्या जनावराच्या पोटात ठेवतात. एका अमेरिकन दुकानाने २००९ च्या एक एप्रिलला त्या जनावराच्या आकाराच्या झोपण्याच्या पिशवीची थट्टेखातर जाहिरात केली, आणि मागणी इतकी आली की ती खरोखर बनवावी लागली. तिच्या अस्तरावर आतडी छापली आहेत. ज्याला तो प्रसंग मनापासून भिडला आहे, त्यालाच अशी वस्तू सुचते.

तरीही तयार वस्तू हाताने केलेल्या वस्तूची जागा घेत नाही. २००२ च्या ‘फायरफ्लाय’ या दुसऱ्या एका अंतराळ मालिकेत, जिच्यावरून २००५ मध्ये चित्रपटही झाला, एका आडदांड माणसाला त्याची आई स्वतः विणलेली नारिंगी-पिवळी कानटोपी पाठवते. चाहते ती वर्षानुवर्षे घरी विणून विकत होते. २०१३ मध्ये अधिकृत टोपी बाजारात आली आणि विणणाऱ्यांना हक्कभंगाच्या नोटिसा गेल्या. कायदा कंपनीच्या बाजूने असेल, पण आईने विणलेली म्हणून ज्या टोपीला मोल आले, ती घरी विणणाऱ्या बायकांना थांबवणे मला आजही अन्यायाचे वाटते.

स्पर्धेच्या समितीला माझी एकच विनंती आहे. नंदी असलाच पाहिजे हा नियम जरूर ठेवा, कारण त्याच्याशिवाय तान्हा पोळा होत नाही. मात्र त्याच्यासोबत कोणाला उभे करायचे हे मुलाला ठरवू द्या, आणि गुण देताना त्याने स्वतःच्या हाताने किती काम केले ते विचारा. वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावी तान्ह्या पोळ्याला केवढाले नंदी निघतात आणि ते पाहायला आपण कौतुकाने जातो. तीच नजर आपल्या गावच्या पोरांकडेही वळवावी.

यंदा भाच्याने गंजाचा मध्य नीट साधला आहे आणि डोके न डगमगता फिरते. तो तुमच्या दारी बोजारा, म्हणजे नंदीची ओवाळणी, मागायला आला, तर पैसे हातावर ठेवण्याआधी ते डोके आतून कसे बसवले आहे, हे त्याला अवश्य विचारा.