पितळेची नळी खात्रीने चपटी कशी करावी

राजेहो, रिमोटवर उडणारं, ग्लो इंजिनचं (म्हणजे मिथेनॉलच्या इंधनावर चालणाऱ्या छोट्या इंजिनचं) खेळातलं विमान घेतलं, इंधनाची टँक घेतली, आता टँकच्या रबरी बुचातून जाणाऱ्या पितळी नळ्या तेवढ्या वाकवायच्या राहिल्या, अशा मोक्यावर बरेच लोकं उगाच विचार करत बसतात. तुम्ही नका बसू. विचार केला की नळी गोल राहते, विमान उडतं, गुपचूप उतरतं, अन् गावाला बोलायला काहीच उरत नाही.

सामान काही लागत नाही. नळी एक अष्टमांश इंची, म्हणजे ३.२ मिमी, भिंत तिची जेमतेम ०.३६ मिमी, आणि दुकानातून येते तेव्हा चांगली कडक, कारण कारखान्यात तिला न तापवता, थंड असतानाच ओढून ओढून बारीक केलेली असते. तिला तशीच दोन्ही अंगठ्यांवर धरा अन् एका झटक्यात काटकोनात दाबा. बाहेरची बाजू ताणल्या जाते, आतली दबते, मधली पोकळी बिचारी कुठं जाईल, गोलाचं होते अंडं आणि अंड्याची होते घडी. कट्टकन आवाज आला की समजा जमलं. दोन सेकंदाचं काम आहे, लोकं उगाच संध्याकाळ घालवतात.

आता अडवणारे लय भेटतील. सोनाराकडे गेलात तर तो फुंकणी बाजूला ठेवून म्हणेल, "भाऊ, आधी लाल तापव, मंग वाकव, लोण्यावानी वाकते." त्याचं ऐकू नका, तो जन्मभर दागिने तापवून वाकवून राहिला म्हणून काय झालं, त्याला विमानातलं काय समजते. भंडाऱ्याला तर पितळेचं शहरच म्हणतात, तिथला भांडी घडवणारा कारागीर ठोकतो, पत्रा कडक झाला की भट्टीत घालतो, नरम झाला की परत ठोकतो, हेच त्याच्या घरात चालत आलं. म्हणजे आपल्या अडचणीचं उत्तर एका एसटीच्या अंतरावर बसलेलं आहे, पण तिकडं जायचं नाही. आपण इंजिनवाले, त्याला जाऊन 'काका, हे कसं करू' विचारलं तर आपली काय इज्जत राहते?

तरी कोणी तापवाच म्हणून मागंच लागलं, तर तापवा, पण आपल्या पद्धतीनं. मे महिना पाहा, भर दुपार पाहा, अंगणात बसा. पारा ४५ च्या पुढं असला तर उत्तम. पितळ नरम व्हायला काळपट लाल रंग पुरतो आणि हा रंग सावलीत, अंधाऱ्या खोलीत बरोबर दिसतो, म्हणून त्या खोलीकडे फिरकायचंसुद्धा नाही. उन्हात लाल झालं का नाही काही कळत नाही, तुम्ही आपले "अजून थोडं, अजून थोडं" करत ज्योत धरून ठेवता, आणि हे पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं अन् ३० टक्के जस्त, ९०० डिग्रीच्या थोडंसं पुढं गेलं की बसलंच. एवढ्या पातळ भिंतीला तिथवर जायला वेळ लागत नाही. नळीच्या जागी थेंब. आणि जास्त तापलं की त्यातलं जस्त पांढरा धूर होऊन उडते, तो नाकात गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो, मग सकाळी मलेरियाची टेस्ट करून घ्या, रिपोर्ट काही निघणार नाही, पण घरचे दोन दिवस कामाला लावत नाहीत. (एवढं एक खरंच ऐका बाप्पा, गंमत नाही, तापवताना इंधनाचा डबा पार दुसऱ्या खोलीत ठेवा. मिथेनॉलची आग दिवसाउजेडी दिसतच नाही.)

तापवल्यावर थंडं कसं करायचं यावर घरात भांडण लावता येते, ते सोडू नका. मोठे बाबा म्हणतील पाण्यात टाकू नको, लोहार विळ्याला पाणी देतो तो कडक होते का नाही? बरोबर आहे त्यांचं, पण ते पोलादाचं. पितळ पाण्यात बुडवा नाहीतर हवेत ठेवा, नरम झालं ते नरमच. हे त्यांना सांगू नका. वाद चालू राहू द्या, तेवढ्यात नळी थंडी होते.

मग रेतीचा प्रकार. शहाणे लोकं काय करतात, नळी आधी नरम करून घेतात, मग बारीक रेती चहाच्या गाळणीतून चाळतात, तव्यावर भाजून कोरडी करतात, नळीत ठोकून ठोकून भरतात, दोन्ही टोकं बंद करतात, की आतून आधार मिळतो अन् भिंत आत पडत नाही. बारीक मीठ भरलं तरी चालते, नंतर पाण्यानं धुऊन निघते. आपण असं लहान मुलासारखं खेळत बसायचं नाही. वैनगंगेची ओली जाड रेती मुठीनं आणायची, जाईल तेवढी कोंबायची, आणि टोकं बंद करून वरून ज्योत लावायची म्हणजे आतल्या पाण्याची वाफ होते अन् बूच भिंतीवर जाऊन आदळते. उरलेले दोन-चार दाणे नळीतच राहू द्या. ते पुढं निडलमध्ये, म्हणजे इंजिनला जाणारं इंधन कमी-जास्त करणाऱ्या स्क्रूमध्ये, जाऊन बसतात, आणि ते शोधण्यात अख्खा रविवार चांगला जातो.

रेती नसेल तर सायकलचा स्पोक. आत जातो, अगदी मापाचा वाटतो. नळी वाकते, स्पोकही वाकते, आणि दोघं एकमेकाले असे धरतात की मग ओढा पक्कडीनं, पाय लावून ओढा, शेजाऱ्याले बोलावून ओढा. काही लोकं नरम ॲल्युमिनियमची तार तेल लावून घालतात, थोडं थोडं वाकवून ओढून पाहतात. भित्रे लोकं.

तालुक्याच्या फ्रिज मेकॅनिककडे पाइप वाकवायची स्प्रिंग असते, नळीवर चढवायची अन् सगळं एकसाथ वाकवायचं. ती आणाच. त्याची लहानात लहान बहुतेक पाव इंची असते, म्हणजे तुमच्या नळीवर ढगळ, नळी आत मजेत चपटी होते आणि दोष स्प्रिंगवर जातो. नळीवर घट्ट बसणारी लहान स्प्रिंग मिळते, ती वापरून थोडं जास्त वाकवायचं अन् किंचित मागं आणायचं की स्प्रिंग सुटते, पण मग दोष द्यायला कोणी राहत नाही.

वळण कशावर द्यायचं? ओट्याची कड, पक्कडीचं तोंड, दाराची फट. पेन्सिल सेलसारख्या गोल वस्तूवर हळूहळू गुंडाळत नेलं तर नळीच्या व्यासाच्या जवळपास तिप्पट त्रिज्येची गोलाई मिळते आणि नरम केलेली नळी ती आरामात सहन करते, हे फक्त ऐकून ठेवा. कापायलाही पक्कडच. टोक दाबलं जाते, धारदार राहते, मग त्यावर सिलिकॉनची नळी चढवताना ती आतून बारीक चिरते आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

बरं, घडी पडली. आता ती फेकाल तर मेहनत वाया. उलटी वाकवून सरळ करा, परत वाकवा, परत सरळ करा. प्रत्येक वेळी पितळ आणखी कडक होते आणि चौथ्या-पाचव्याला केसाएवढी चीर पडते. चीर पडलेली नळी टँकमध्ये बसवा. खरी मजा इथून सुरू होते.

जमिनीवर इंजिन फर्स्टक्लास चालते. आयडलवर इंधन लागतंच किती, घडीतून पाझरते तेवढं पुरते. तुम्ही खुश. फुल थ्रॉटल दिलं, विमान वर गेलं, नाक वर धरलं, की इंजिन कोरडं पडते, आवाज चिरका होते, अन् बंद. घडी सायलेन्सरकडून टँकमध्ये प्रेशर आणणाऱ्या, म्हणजे इंधन पुढं ढकलणाऱ्या, नळीत असली तर आणखी छान, थोडा वेळ चालून चालून हळूच मरते, कोणाला संशय येत नाही. चीर असली तर हवा ओढल्या जाते, लाइनमध्ये बुडबुडे दिसतात. बुडबुड्यांकडे पाहू नका. ग्लो प्लग (इंजिनात इंधन पेटवणारा) बदला. निडल दोन आटे उघडा, म्हणजे वर कोरडं अन् खाली गुदमरणं दोन्ही सुख मिळते. प्रोपेलर बदला. इंधनवाल्यानं इंधनात वंगणाचं एरंडीचं तेल कमी घातलं म्हणा, तिकडं अंगणात आजी नाक दाबून "कोण प्यालं रे एरंडेल?" म्हणून ओरडत असली तरी म्हणा. टँक कार्बोरेटरच्या रेषेत आहे की खाली लोंबते तेही पाहू नका. विमानाचं तोंड वास्तूप्रमाणं ठेवून सुरू करा. बूच उघडून नळी पाहायची एवढं सोडून सगळं करा.

इंजिन बंद पडलेलं विमान कुठं उतरते ते ठरलेलं आहे, दुसऱ्याच्या तुरीत. वावरवाला धुऱ्यावर उभाच असते. तो पंख हातात देईल, विमान उलटंपालटं करून पाहील आणि विचारेल, "हे किती लिटरचं हाय, दादा? एकरभर फवारणी होते का?" त्याच्या पाठीवर पंप असते, पंपाला पितळी नळी असते, वर मस्त गोल वळण दिलेलं, एक सुरकुती नाही. तिकडं बघू नका, पंख घ्या अन् निघा.

आणि चपट्या नळ्या फेकू नका हं. भंगारवाला पितळेला लोखंडापेक्षा चांगला भाव देतो. एक फूट नळी साधारण आठ ग्रॅमची, म्हणजे किलो व्हायला सव्वाशेक फूट लागते. तुमचा हात पाहता दिवाळीपर्यंत होऊन जाईल.